बेळगाव भागात घराण्याचे जुने कागद कुठं शोधायचे? पणजोबांचं मूळ गाव सापडत नाहीय

सह्याद्रीपायथा | ५ जानेवारी, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

आमचं आडनाव हलकर्णीकर. घर बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यात. शेती तिथलीच, देव तिथलाच. पण अख्ख्या गावात हलकर्णीकर म्हणून आमचं एकच घर, भावकी नाही. आजोबा म्हणायचे, "आमचा बाबा हलकर्णीसनं आला." कुठल्या हलकर्णीहून, कधी आणि का, हे विचारायचं माझं वय नव्हतं. आता शोधायला बसलो तर हलकर्णी तीन निघाल्या: एक खानापूरजवळची, एक चंदगड तालुक्यातली, एक गडहिंग्लज तालुक्यातली.

मागच्या वर्षी बाबा गेले. जमिनीला वारसा लावायचा म्हणून तलाठ्याकडं वंशावळ लिहून द्यायची होती. मी, बाबा, आजोबा, पणजोबा एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. पणजोबांच्या वडिलांचं नाव घरात कुणालाच माहीत नाही. पणजीचं नाव तर आजवर कुणी विचारलेलंही नव्हतं. कामापुरती वंशावळ झाली, वारसाही लागला, पण ते थांबलेलं पेन डोक्यातनं जात नाही.

माझ्याकडं संगणकावरची पहाणी (कर्नाटकातला सात-बारा) आहे, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आहे (त्यात जन्मगाव आमचंच), आणि बाबांच्या ट्रंकेत सापडलेला एक जुना सात-बारा. एवढ्यावरून मागं कसं जायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

टिळकवाडी | ५ जानेवारी, रात्री ९:३२

शाळेच्या दाखल्यातल्या जन्मतारखेवर जाऊ नका. १ जून असेल तर ती मास्तरांनी लावलेली. आमच्या गावात माझे आजोबा, त्यांचे दोन भाऊ आणि समोरचा न्हावी, सगळ्यांचा वाढदिवस १ जूनला! केक एकच आणला तरी चालेल.

पण दाखल्यापेक्षा शाळेतलं मूळ जनरल रजिस्टर बघा. त्यात पालकाचं नाव, राहण्याचं गाव, आधीची शाळा असं बरंच असतं, ते सगळं दाखल्यावर उतरत नाही. जुन्या मराठी शाळांत ही रजिस्टरं अजून कपाटात आहेत. हेडमास्तरांना नीट विनंती केली की दाखवतात.

सर्कलसाहेब | ५ जानेवारी, रात्री १०:४५

मी महसूल खात्यात बत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी याच जिल्ह्यात. थोडं लांब लिहितो, पण उपयोगी पडेल.

संगणकावरची पहाणी ही जिन्याची सगळ्यात वरची पायरी. २००० च्या सुमाराला 'भूमी' योजना आली तेव्हा त्यावेळची नावं संगणकात चढवली, तिच्या मागचं काही त्यात दिसत नाही. खाली उतरायचं तर आधी हातानं लिहिलेली पहाणी आणि तिच्याखाली १९५६ पूर्वीचा, आपण मुंबई राज्यात होतो तेव्हाचा सात-बारा. तुमच्या ट्रंकेत तोच सापडलाय, म्हणजे निम्मा जिना तुम्ही आधीच उतरलाय.

तो उतारा उजेडात धरून बघा. मालकाच्या नावाशेजारी एका गोल वर्तुळात आकडा असेल. तो फेरफाराचा नंबर. एखाद्या नावाला कंस घातलेला असेल तर त्या माणसाचा हक्क तिथं संपला: मयत झाला, विकलं किंवा वाटणीत गेलं. कंसातलं नाव का गेलं आणि नवं का आलं, ते त्या नंबरच्या फेरफारात लिहिलेलं असतं. फेरफाराची वही म्हणजे हक्कपत्रक, जुना गाव नमुना सहा. आपल्या इलाख्यात हक्कनोंदणीचा पहिला कायदा १९०३ चा, म्हणून नशीब चांगलं असेल तर ह्या वह्या तिथपर्यंत मागं जातात. त्याच्याही मागं सर्व्हे खात्यातले आकारबंद आणि टिपणं.

एका फेरफारातनं त्याच्या आधीचा नंबर मिळतो, त्यातनं त्याच्या आधीचा. विहिरीत उतरताना एकेक पायरी चाचपत जातो तसं जायचं. मधली पायरी सोडू नका.

कुठं जायचं: तालुका कचेरीची रेकॉर्ड रूम. नकलेसाठी अर्ज करा, अर्जात सर्व्हे नंबर आणि फेरफार नंबर दोन्ही लिहा. "रेकॉर्ड नाही" असं तोंडी सांगितलं तर परत फिरू नका, लेखी हिंबरह, म्हणजे अर्जाला कचेरीनं दिलेलं लेखी उत्तर, मागा. हिंबरह लिहायची वेळ आली की पुष्कळदा वही सापडते, हे मी टेबलाच्या आतल्या बाजूनं पाहिलेलं आहे. तरीही नाही झालं तर माहिती अधिकार आहे, फी १० रुपये.

आणि सध्या राज्यात तालुक्यांच्या रेकॉर्ड रूममधले जुने कागद स्कॅन करायचं काम 'भू सुरक्षा' नावानं चाललंय. तुमच्या गावचं झालं असेल तर काम सोपं होईल. आधी चौकशी करा.

खानापूरची सून | ६ जानेवारी, सकाळी ११:०५

सर्कलकाका, एवढं नीट आजवर कुणी सांगितलं नव्हतं. छापून ठेवते.

माझा अनुभव थोडा कडू आहे. माहेर चिकोडीकडं, सासर खानापूर तालुक्यात. सासऱ्यांच्या जमिनीसाठी एका कचेरीत पाच हेलपाटे घातले. अर्ज मराठीत दिला तर बाजूला ठेवला, कानडीत लिहून आणा म्हणाले. सहाव्या वेळी अर्ज कानडीत लिहून नेला, तोही माझ्याच हातानं लिहिलेला. पाच आठवडे रोज रात्री मुलाच्या पहिलीच्या पुस्तकातनं अक्षरं गिरवली होती. आतल्या बाईंनी अर्ज बघितला, मला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "नीवे बरदिद्दा?" (तुम्हीच लिहिलंत?) त्या दिवशी नक्कल मिळाली.

आपल्या भाषेत कागद मिळायला पाहिजे ही मागणी मी सोडलेली नाही, सोडणारही नाही. पण अक्षरओळख झाल्याचा जो फायदा झाला तो सांगते. कानडीत उतरवताना नावं कशी बदलली ते मला स्वतःला दिसायला लागलं. 'फौती'ची (मयताच्या नोंदीची) 'पौती' झालेली. आमच्या एका चुलत सासऱ्यांच्या नावातला 'भ' गेला आणि 'ब' राहिला, म्हणून संगणकात ते कधी सापडायचेच नाहीत.

शहापूरकर | ६ जानेवारी, दुपारी १:२०

सूनबाई, तुमच्या चिकाटीला नमस्कार. पण मला हे पटत नाही की अक्षरं शिकायचं ओझं माणसानंच उचलावं. भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून जास्त असतील तिथं त्यांच्या भाषेत कागद द्यायची तरतूद आहे. ती अमलात आणा हे सांगणं आपलं काम.

खानापूरची सून | ६ जानेवारी, दुपारी १:४१

दोन्ही करू की, दादा. मागणी लावून धरू आणि तोवर कागदही काढू. माझ्या सासूबाईंचं वय ८४ आहे, त्यांना निकालाची वाट बघायला वेळ नाही.

शहापूरकर | ६ जानेवारी, दुपारी २:०३

हे बाकी खरं बोललात.

मूळ धाग्याकडं येतो. सगळ्यांनी एक ध्यानात घ्या. आज जो बेळगाव जिल्हा दिसतो तो १९४८ पूर्वी एकसंध नव्हता. आमचं शहापूर बेळगावला चिकटलेलं, मधे फक्त रस्ता, पण शहापूर सांगली संस्थानात आणि बेळगाव इंग्रजांकडं. रायबाग कोल्हापूर संस्थानात. रामदुर्गचं संस्थान वेगळं. त्यामुळं आपलं गाव कुणाच्या अमलात होतं हे आधी ठरवा, मग कचेरी ठरेल. कोल्हापूर संस्थानातलं असेल तर कोल्हापूरचं पुराभिलेखागार गाठायचं. पेशवाईतला कागद हवा असेल तर पुण्याचं पेशवे दप्तर, तिथं हजारो रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत आणि जवळपास सगळं मोडीत.

तुमच्या तीन हलकर्ण्यांतली गडहिंग्लजची कोल्हापूर संस्थानच्या बाजूला येते. तीच निघाली तर बेळगावात शोधून काही हाताला लागायचं नाही.

मोडीवाचक | ६ जानेवारी, रात्री ८:५०

मोडीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. १९२०-३० पर्यंतचा मराठी फेरफार बहुतेक मोडीतच असणार. घाबरू नका. मोडी वाचायला शिकणं दोन-तीन महिन्यांचं काम आहे, आणि महसुली कागदात ठरावीक शब्द पुन्हा पुन्हा येतात. नव्यानं वाचणाऱ्यानं एवढे शब्द डोळ्यात बसवून घ्यावेत:

'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'वलद' म्हणजेही मुलगा, मुसलमान घरांच्या कागदात हा जास्त दिसतो. 'मजकूर' म्हणजे वर सांगितलेलं तेच, 'मौजे मजकूर' म्हणजे हेच गाव. 'हल्ली मुक्काम' लिहिलं असेल तर थांबा, तो माणूस मूळचा दुसरीकडचा आहे.

सालांचाही घोळ होतो. शके असेल तर ७८ मिळवा. फसली असेल तर आपल्या दख्खनी फसलीत ५९० मिळवा, म्हणजे फसली १३१० हे १९००-०१ चं साल. शुहूर सन असेल तर ५९९. कागदावर नुसता आकडा असेल आणि साल कुठलं ते लिहिलेलं नसेल तर हे तिन्ही करून बघा, कुठलं एक जुळतं ते कळतं.

नक्कल मिळाली की माणसांची नावं झाकून इथं लावा, वाचून देतो.

घटप्रभाकाठ | ७ जानेवारी, सकाळी ७:१५

कागदांचं सगळं बरोबर आहे, पण तुम्ही हेळव्याला विचारलं का?

आमच्या हुक्केरीकडं अजून हेळवी येतो. सुगी संपली, जोंधळा घरात आला की येतो, दोन-तीन वर्षांनी एकदा. माझ्या लहानपणी बैलावर बसून यायचा, घंटा वाजली की आम्ही पोरं रस्त्यावर धावायचो. आता मुलगा मोटरसायकलवर येतो, पण बोलणं तेच. सोप्यात बसतो, आई सुपातनं जोंधळा आणते, आणि तो सुरू करतो: तुमचा मूळ पुरुष अमका, त्याला चार मुलगे, थोरला अमक्या गावी गेला, धाकट्यानं ही वाडी बसवली. न थांबता, एका दमात. मागच्या खेपेला माझ्या पुतणीचं बारसं झालं होतं. आईनं नाव सांगितलं, त्यानं वहीत लिहून घेतलं आणि लगेच ते नाव लावून सगळी वंशावळ पुन्हा पहिल्यापासून म्हटली. अंगावर काटा आला.

प्रत्येक हेळव्याची घराणी ठरलेली असतात. तुमच्या मूळ गावच्या भावकीचा हेळवी सापडला तर तुमचे पणजोबा कुठल्या फांदीवरनं निघाले ते तो सांगेल.

शहापूरकर | ७ जानेवारी, सकाळी ९:३०

हेळव्यांचा मान राखून सांगतो, त्यांच्या वंशावळीत मूळ पुरुष नेहमीच शूर आणि नेहमीच कुठल्यातरी राजाकडून वतन मिळवलेला असतो. देणाऱ्याला बरं वाटावं असं बोलायची ती रीत आहे. पुरावा म्हणून मी धरणार नाही.

घटप्रभाकाठ | ७ जानेवारी, सकाळी १०:१२

वरच्या पाच-सहा पिढ्यांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण खालच्या पिढ्या तो स्वतः किंवा त्याच्या बापानं दारात बसून लिहून घेतलेल्या असतात. आमच्या हेळव्यानं सांगितलेली चार नावं मी फेरफाराशी ताडून बघितली. चारही जुळली. एक तर फेरफारात नव्हतंच: माझ्या आजोबांचा एक भाऊ, लहानपणीच गेलेला. जमिनीवर नाव चढायच्या आधी मेलेल्या पोराचं नाव कुठल्या कचेरीत मिळणार? हेळव्याकडं मिळालं.

सर्कलसाहेब | ७ जानेवारी, सकाळी १०:५०

इथं मी घटप्रभाकाठ यांच्या बाजूनं. हेळवी वाट दाखवतो, फेरफार ती पक्की करतो. आणखी एक जागा आहे: त्र्यंबक, नाशिक, गोकर्ण, काशीच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. घरातलं कुणी अस्थी घेऊन किंवा यात्रेला गेलं असेल तर वहीत गाव, नावं आणि कधी कधी त्या माणसाची स्वतःची सही असते. मला आमच्या पणजोबांचं मोडी अक्षर तिथंच पहिल्यांदा दिसलं.

पलटणवाला | ७ जानेवारी, दुपारी ४:२५

फौजेतला कुणी घराण्यात असेल तर ही पोस्ट त्याच्यासाठी.

आमच्या घरी हळदीच्या बरणीवर झाकण म्हणून एक जड, काळपट चकती असायची, तळहाताहून थोडी मोठी. त्यावर एक उभी बाई आणि एक सिंह. आजी ती चिंचेनं घासायची. मी नोकरीला लागल्यावर एकदा कडेची इंग्रजी अक्षरं नीट वाचली. बाजूच्या चौकटीत नाव होतं, ते माझ्या पणजोबांच्या थोरल्या भावाचं. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी ब्रिटिश सरकारनं अशा ब्राँझच्या चकत्या पाठवल्या होत्या. ते मराठा पलटणीत होते, मेसोपोटेमियात गेले आणि परत आले नाहीत, एवढंच घरात माहीत होतं. ती चकती म्हणजे त्यांचा कागद, हे कुणाला माहीत नव्हतं.

पुढं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधलं. फुकट आहे. नावाचं इंग्रजी स्पेलिंग पाच प्रकारे घालून बघितल्यावर सापडलं: ११० वी मराठा पलटण, बसऱ्याच्या स्मारकावर नोंद, खाली बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा बेळगाव. ही पलटण कुतच्या वेढ्यात होती, २९ एप्रिल १९१६ ला तिथं शरणागती झाली. बापाचं ते नाव आमच्या वंशावळीत नव्हतं. एका मेलेल्या शिपायाच्या नोंदीतनं आम्हाला आमचे खापरपणजोबा मिळाले.

आता चकती देव्हाऱ्यात आहे.

सह्याद्रीपायथा | ७ जानेवारी, रात्री ९:००

पलटणवाला, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती उठून आमच्या बरण्यांची झाकणं बघून आली.

सर्कलसाहेब, उताऱ्यावर आजोबांच्या नावाशेजारी वर्तुळ आहे, आकडा वाचता येतो. सोमवारी अर्ज देतो. वरती कंसात एक नाव आहे पण कागद तिथंच घडीवर फाटलाय. 'कोम' एवढंच वाचता येतं. पणजोबांचं नाव मात्र उताऱ्यावर कुठंच दिसत नाही, हे मला कळलं नाही.

बाकी कुणाला कुणबी दाखल्यासाठी कागद हवे असतील (दोघांनी मला निरोप पाठवलाय) तर कृपया वेगळा धागा काढा, त्याचे नियम वेगळे आहेत.

निपाणीची लेक | ७ जानेवारी, रात्री ११:३०

सह्याद्रीपायथा, 'कोम' वाचलंत आणि पुढं गेलात? तिथंच थांबा.

मी गेली चार वर्षं माझ्या आईच्या घराण्याचं शोधतेय. या धाग्यावरच बघा, मूळ पुरुष, चार मुलगे, थोरला, धाकटा. हेळवी म्हणतो ती वंशावळ पुरुषांची. वंशावळीच्या अर्जात लेकींची नावं लिहायला लोक आजही कां-कूं करतात. कारण कर्नाटकात १९९४ पासून लेकीला वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हिस्सा आहे आणि नाव लिहिलं की सही घ्यावी लागते.

मग बायका सापडतात कुठं? मला सापडल्या त्या जागा सांगते. एक, हक्कसोड पत्र, सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत. भावाला जमीन सोडून देताना बहिणीचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं गाव, सगळं लिहावं लागतं. माझ्या आईच्या दोन आत्यांची नावं मला फक्त तिथं मिळाली. दोघींचे अंगठे एका कागदावर, एक ठसठशीत आणि एक पुसट. दोन, १९७४ नंतरचे कुळांचे फॉर्म नंबर सात (कसत असलेल्या जमिनीची मालकी मागायचे अर्ज) आणि लँड ट्रायब्युनलचे जबाब. नवरा नसेल तर बाई स्वतः उभी राहून सांगते की मी एवढी वर्षं ही जमीन कसतेय. तीन, जुन्या खरेदीखतातली चतुःसीमा. पूर्वेस अमकीचं शेत, असं शेजारीण म्हणून तिचं नाव येतं. स्वतःच्या कागदात नसलेली बाई दुसऱ्याच्या चतुःसीमेत सापडते.

तुमच्या उताऱ्यावर पणजोबांचं नाव नाही आणि कंसात एक 'कोम' आहे. मला वाटतं तुम्ही पणजोबांना शोधू नका. पणजीला शोधा.

सर्कलसाहेब | ८ जानेवारी, सकाळी ६:४०

ताईंनी नेमकं बोट ठेवलं. मी उतारा वाचायला शिकवला आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही. अर्जात त्या कंसातल्या नावाचा फेरफारही मागा.

टिळकवाडी | ८ जानेवारी, सकाळी ८:०२

आता झोप येणार नाही. सोमवार लवकर येवो.

सह्याद्रीपायथा | २ मार्च, रात्री १०:२०

मंडळी, उशीर झाला, माफ करा. पहिल्या खेपेला "ती वही जीर्ण आहे, मिळणार नाही" असं उत्तर आलं. लेखी हिंबरह मागितली. आठ दिवसांनी बोलावणं आलं आणि वही निघाली.

पहिला फेरफार १९५२ चा, बाळबोधीत. त्यात: खातेदार बाई मयत, वारस मुलगा, म्हणजे आमचे आजोबा. जमीन आजोबांना आईकडून आली. त्याच्या आधीचा नंबर धरून दुसरा काढला. तो मोडीत. मोडीवाचकांना पाठवला होता, त्यांनी काल वाचून दिला. त्यांनीच इथं लिहावं.

मोडीवाचक | २ मार्च, रात्री १०:४८

नावं वगळून मजकूर असा आहे: "खातेदार मयत. पुत्रसंतान नाही. बायको पूर्वीच मयत. वारस मुलगी अमुक कोम अमुक, राहणार हलकर्णी, पेटा चंदगड, हल्ली मुक्काम मौजे मजकूर. सबब वारसाने नाव दाखल." तारीख फेब्रुवारी १९१९. खाली पंचांच्या सह्या, आणि बाईंच्या नावापुढं 'निशाणी बांगडी' लिहून शाईनं काढलेलं एक छोटं वर्तुळ. हात थोडा थरथरलाय, वर्तुळ पुरतं जुळलेलं नाही.

त्या पानावरचे मागचे-पुढचे फेरफारही जवळपास सगळे 'मयत' म्हणूनच सुरू होतात. १९१८ च्या पावसाळ्यानंतर इन्फ्लुएंझाची साथ आपल्या इलाख्यात सगळीकडं पसरली होती. बाईंचे वडील त्यातच गेले असं कागद म्हणत नाही, पण साल तेच आहे. गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूची वही, मिळाली तर तिथं कारण सापडेल.

सर्कलसाहेब | ३ मार्च, सकाळी ६:१५

वाचून फार आनंद झाला. दोन गोष्टी सांगतो.

'पेटा चंदगड' या दोन शब्दांनी तुमचा प्रश्न सुटला. चंदगड तेव्हा बेळगाव तालुक्याचा पेटा, म्हणजे पोटविभाग, होता. १९५६ ला राज्यं नव्यानं बसवली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि एकटं चंदगड वगळून मुंबई राज्यात ठेवलं, ते कोल्हापूर जिल्ह्याला जोडलं. तुमचे पणजोबा हलकर्णीहून तुमच्या गावी आले तेव्हा ते एकाच तालुक्यात एका गावातनं दुसऱ्या गावात आले होते. आज मधे राज्याची हद्द आहे.

दुसरं. मुलगा नाही आणि विधवाही नाही तर मुलीला वारसा मिळायचा, आणि आपल्या मुंबई इलाख्यात ती जमीन तिच्या पूर्ण मालकीची व्हायची. इतर प्रांतांत तिला हयातीपुरतीच मिळे. म्हणून पणजोबांचं नाव उताऱ्यावर कधी आलंच नाही. ते सासऱ्याच्या जमिनीवर कष्ट करायला आले. जमीन तिची होती.

निपाणीची लेक | ३ मार्च, सकाळी ९:४०

बांगडीची ती निशाणी मी मोठी करून बघितली. खूप वेळ बघत बसले. पणजीचं नाव काय?

सह्याद्रीपायथा | ३ मार्च, रात्री ९:३०

नाव इथं लिहीत नाही, पण एक सांगतो. काल नक्कल घेऊन आत्याकडं गेलो. ती ७६ वर्षांची आहे. वाचून दाखवायला लागलो आणि नावाशी येऊन माझा आवाज अडकला. आत्याचं आणि पणजीचं नाव एकच आहे. आजोबांनी आपल्या आईचं नाव लेकीला ठेवलं होतं आणि हे आत्यालाही माहीत नव्हतं. घरात पणजीला सगळे 'आवशी' म्हणायचे, नावानं कुणी हाक मारली नाही. आत्यानं कागद हातात घेतला, त्या वर्तुळावरनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "मला सगळे ह्या नावावरनं चिडवायचे. जुनाट म्हणायचे."

वंशावळ नव्यानं लिहिली. आता ती गावातल्याच एका माणसापासनं सुरू होते, पणजीच्या वडिलांपासनं. मी समजत होतो आम्ही बाहेरनं आलेलो, भावकी नसलेलो. आमची भावकी इथंच होती, दुसऱ्या आडनावानं. समोरच्या गल्लीतली तीन घरं निघाली.

चंदगडी | ३ मार्च, रात्री १०:०५

धागा पहिल्यापासून वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय. मी चंदगड तालुक्यातला, हलकर्णी फाट्यावरनं रोजचं जाणं-येणं. या, गावात माझी ओळख आहे, जुन्या माणसांशी गाठ घालून देतो. पाडव्याच्या आधी आलात तर बरं, नंतर सगळी काजूच्या मागं लागतात.

सह्याद्रीपायथा | ३ मार्च, रात्री १०:१४

येतो की! पुढच्या रविवारी. आत्याही येते म्हणते. घटप्रभाकाठ, चंदगडकडं कुठला हेळवी फिरतो ते कळेल का?

घटप्रभाकाठ | ४ मार्च, सकाळी ७:०५

आमचा तिकडं जात नाही, पण त्याला कोण जातो ते माहीत असतं. सुगी झालीय, या महिन्यात आमच्या दारात येईल. विचारून इथंच लिहितो. पणजीच्या वडिलांचं आडनाव मला निरोपात पाठवून ठेवा.